दगडावरचा पूर्वज

पूर्वज उपदेशक होता असं कळलं की वंशज आधी कबरस्तान गाठतात. अहमदनगरकडच्या मराठी ख्रिस्ती घराण्यांपुरता तरी मला हा क्रम उलटा वाटतो. दगड बसवतात मुलं-नातवंडं, कधी पुष्कळ वर्षांनी. त्यामुळे त्यावरची मृत्यूची तारीख बहुधा खरी, जन्माची मात्र ऐकीव. ‘पहिला उपदेशक’ ही पदवी तर बसवणाऱ्याच्या अभिमानातून आलेली. शिवाय कबर असेलच असं नाही. रेव्हरंड ना. वा. टिळक 1919 मध्ये वारले, तेव्हा त्यांच्या इच्छेनुसार दहन झालं. चर्चची पाटीही फसवते. आज तिच्यावर ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ दिसतं, पण ही संस्था 1970 मध्ये नागपुरात स्थापन झाली. 1831 मध्ये नगरला ठाणं मांडणारं अमेरिकन मराठी मिशन मात्र काँग्रिगेशनल पंथाच्या वळणाचं. पणजोबांचा पंथ पाटीवरून कसा ठरवणार?

म्हणून सुरुवात करावी ती चर्चच्या मंडळीच्या नोंदवहीपासून. कुणी म्हणेल, ती तरी कुठे निर्मळ? ती मिशनच्या नजरेखाली लिहिलेली. मान्य. पण बाप्तिस्म्याची नोंद घटनेच्या आसपास होते, आणि तिला पणतवंडांना खूश करायचं नसतं. तिच्या जोडीला 1842 मध्ये सुरू झालेल्या ‘ज्ञानोदय’ या मिशनच्या नियतकालिकातले मृत्युलेख घ्यावेत. मृत्युलेख गोडच बोलतात (कोणत्या धर्मात बोलत नाहीत?), तरी त्यांतली गावांची नावं उगाच आलेली नसतात, आणि फिरत्या उपदेशकाचा माग गावांवरूनच लागतो. दगडाकडे वळावं ते त्यानंतर, शेजारी कोण पुरलं आहे आणि कुठली घराणी सोयरी झाली ते पाहायला.