कायद्यात नसलेले माहेर

माहेर हा शब्द मराठीत जितका सहज येतो, तितकीच त्याची व्याख्या करणे अवघड आहे. माहेर म्हणजे एखादे विशिष्ट घर असतेच असे नाही. आईवडिलांच्या पश्चात भावाचे आणि भावाच्या पश्चात भाच्याचे दारही माहेरच ठरते. तिथे कायमचे राहायला जायचे नसते, पण वेळ आलीच तर जाता येईल, ही खात्री मनाशी असावी लागते. होळकरांच्या काळापासून माळव्यात स्थिरावलेल्या आपल्यापैकी कित्येक घराण्यांना महाराष्ट्रातील मूळ गाव आज नेमके सांगता येत नाही. घरातल्या सुनेचे माहेर कोणते, हे मात्र सर्वांना ठाऊक असते. शेजारच्या माळवी घरांतून यालाच पीहर म्हणतात. शब्द वेगळा, भाव तोच.

राज्य शासनाच्या महिला व बाल विकास विभागात माझी तीस वर्षांहून अधिक सेवा झाली. निराधार मुलामुलींसाठी स्वयंसेवी संस्था चालवीत असलेल्या बालगृहांची तपासणी करणे, हा त्या कामाचा एक भाग होता. या संस्थांच्या नोंदवह्या मी इतक्या वेळा चाळल्या आहेत की, त्यांतील रकाने आजही डोळ्यांपुढे उभे राहतात. प्रवेशाचा दिनांक, आदेश देणारा अधिकारी, वय, ओळखखुणा आणि अगदी शेवटी निर्गमनाचा दिनांक. निर्गमनानंतर एकही रकाना नाही. कायद्याच्या दृष्टीने तिथे ती व्यक्ती संपते.

कायदा निष्ठुर आहे असे मला म्हणायचे नाही. बाल न्याय अधिनियम २००० साली झाला. त्याच्या जागी आलेला २०१५चा अधिनियम १५ जानेवारी २०१६पासून लागू आहे. बालक म्हणजे अठरा वर्षांखालील व्यक्ती. तेव्हा अठरावे वर्ष पूर्ण होताच बालगृहातील वास्तव्याचा अधिकार संपतो. कोठेतरी रेघ ओढावीच लागते, आणि ती तशी ओढली आहे. पुढच्या आयुष्याची घडी बसावी म्हणून अनुरक्षणाची, म्हणजे संस्थेबाहेर पडल्यानंतरच्या साहाय्याची तरतूदही अधिनियमात आहे. २०१६च्या नियमांनुसार हे साहाय्य एकविसाव्या वर्षापर्यंत, आणि अपवादात्मक परिस्थितीत तेविसाव्या वर्षापर्यंत देता येते. केंद्र शासनाच्या मिशन वात्सल्य योजनेत २०२२पासून त्यासाठी दरमहा ४,००० रुपये ठरविण्यात आले. हे सर्व आवश्यकच आहे. परंतु मूळ प्रश्न पैशाने सुटतो असे नाही.

यातील एक विसंगती प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय ध्यानात येत नाही. रस्त्यावर, फलाटावर सापडलेल्या मुलाचा जन्मदिनांक कोणालाच ठाऊक नसतो. वैद्यकीय तपासणीवरून वय अंदाजाने ठरते आणि वहीत बहुधा १ जानेवारी किंवा १ जुलै अशी सोयीची तारीख लिहिली जाते. पुढे त्याच अंदाजाच्या तारखेला ते मूल सज्ञान होते आणि हातात एक पत्र्याची पेटी घेऊन संस्थेच्या फाटकाबाहेर पडते. आपल्या घरांतून अठराव्या वर्षी मुले बारावीच्या निकालाची वाट पाहत असतात.

२००९ साली एका जिल्ह्याच्या गावी असताना माझ्यापुढे एक लहानसे प्रकरण आले होते. तेथील बालिकागृहातून चार-पाच वर्षांपूर्वी बाहेर पडलेली एक मुलगी दिवाळीत नवऱ्याला आणि तान्ह्या बाळाला घेऊन भेटीला आली. अधीक्षिकाबाईंनी तिची ओटी भरली, साडी दिली, बाळाला झबले दिले, जावयाला टॉवेल-टोपी दिली. एकूण खर्च झाला ४१० रुपये. बाई हिशेबाला चोख होत्या; त्यांनी रीतसर व्हाउचर करून खर्च अनुदानात दाखविला. लेखापरीक्षकांनी आक्षेप घेतला : 'लाभार्थी नसलेल्या व्यक्तीवरील खर्च, वसूलपात्र.' लेखापरीक्षकांचेही काही चुकले नव्हते. अनुदान हे प्रवेशित मुलींसाठी होते आणि ही मुलगी आता प्रवेशित नव्हती.

बाई कार्यालयात आल्या तेव्हा त्यांना वसुलीची चिंता नव्हती. त्या एवढेच म्हणाल्या, "साहेब, चारशे दहा रुपये मी पगारातून भरते. पण ती मुलगी आता आमची कोण लागते, ते कागदावर कसं लिहायचं, तेवढं सांगा." मी संस्थेच्या कार्यवाहांना बोलावून घेतले. हा खर्च अनुदानातून काढून संस्थेच्या स्वतःच्या देणगी-खात्यात टाकावा आणि कार्यकारिणीने तसा ठराव करावा, असे सुचविले. ठराव झाला, आक्षेप निकाली निघाला. बाईंच्या प्रश्नाचे उत्तर मात्र मला कोणत्याही परिपत्रकात सापडले नाही.

या प्रकरणातून एक गोष्ट मला कायमची उमगली. शासनाचे अनुदान डोक्यावर छप्पर देते, जेवण, कपडे, शाळा देते. आणि ते शासनानेच दिले पाहिजे. परंतु माहेरपण अनुदानात बसत नाही. ते संस्थेच्या स्वतःच्या पैशातून, म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्यांनी दिलेल्या विनाअट देणगीतूनच होऊ शकते. स्वयंसेवी संस्था आणि सरकारी वसतिगृह यांत खरा फरक कोणता, असे मला विचारले तर मी हाच सांगेन.

आपल्याकडच्या जुन्या संस्थांना निर्गमनाचा रकाना जणू ठाऊकच नव्हता. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसवल्या गेलेल्या विधवांनी तिथे यावे, गुपचूप बाळंत व्हावे, असा हेतू होता. तिथे जन्मलेल्या एका मुलाला या दांपत्याने दत्तक घेतले. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला. १८९७च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई ज्या दवाखान्यात रुग्णांची सेवा करीत होत्या, तो यशवंतांचाच होता. महर्षी कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रमासाठी मंडळी स्थापन केली आणि १९०० साली आश्रम हिंगण्याच्या माळावर नेला. तिथे शिकून तयार झालेल्या पार्वतीबाई आठवले यांच्याकडेच पुढे आश्रमाची व्यवस्था आली, आणि आश्रमासाठी निधी मागत त्या अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या. आश्रयाला आलेले माणूस घरचे होणे म्हणजे काय, ते या दोन उदाहरणांत दिसते.

अलीकडचे उदाहरण हवे असेल तर अमरावती जिल्ह्यातील वझ्झरचे शंकरबाबा पापळकर यांचे देता येईल. कोणी टाकून दिलेल्या मतिमंद, मूकबधिर, अंध अशा सव्वाशेच्या आसपास मुलांना त्यांनी सांभाळले आणि कागदोपत्री बापाच्या जागी स्वतःचे नाव दिले. त्यांतील अनेकांची लग्ने लावली, काहींना नोकऱ्या मिळवून दिल्या. बेवारस दिव्यांग मुलांना अठराव्या वर्षी संस्थेबाहेर काढू नये, त्यांच्या आजन्म पुनर्वसनाचा कायदा करावा, ही त्यांची अनेक वर्षांची मागणी आहे. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मागणी मात्र अजून तशीच आहे. ज्याला स्वतःचे नाव सांगता येत नाही, त्याच्या बाबतीत अठराव्या वाढदिवसाने काय बदलते, या त्यांच्या प्रश्नाला उत्तर नाही. गोव्याच्या एका अनाथाश्रमातून अठराव्या वर्षी बाहेर पडून पुण्याला आलेल्या तरुणीने पाठपुरावा केला, तेव्हा कुठे २०१८ साली महाराष्ट्र शासनाने अनाथांसाठी शिक्षणात व नोकरीत एक टक्का आरक्षण ठेवले. बाहेर पडलेल्यांची संघटना नसते आणि त्यांना शिफारस करणारे मामा-काकाही नसतात.

निवृत्तीनंतर मी एका लहान संस्थेच्या कार्यकारिणीवर काम करतो. देणगीदारांचा ओघ कुठे वळतो, ते तिथे जवळून दिसते. वाढदिवसाला, पितृपक्षात जेवण घालायला येणाऱ्यांची यादी लांबलचक असते. एकेका रविवारी तीन-तीन कुटुंबे श्रीखंड घेऊन येतात. २०१४पासून मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कार्यावर खर्चावे लागतात. त्यांना इमारत, संगणक, लाभार्थ्यांची संख्या आणि नावाची पाटी हवी असते. देणाऱ्याला दोष देण्याचे कारण नाही. परंतु इथून गेलेली मुले आज कुठे आहेत, हा प्रश्न आजवर दोघा-तिघांनीच विचारला असेल.

माहेरपण जपायचे तर त्यालाही शिस्त लागते, हे मी विसरत नाही. आत लहान मुले असतात. त्यांच्या सुरक्षिततेसाठी बाहेरून आलेल्या प्रत्येकाची नोंद झालीच पाहिजे, मग तो तिथेच वाढलेला का असेना. म्हणून आम्ही वर्षातून दोन दिवस ठरविले आहेत, दिवाळी आणि अक्षय तृतीया. भेटीची खोली वेगळी ठेवली आहे आणि माजी मुलामुलींची एक स्वतंत्र वही घातली आहे. तीत सध्याचा पत्ता, काम, दूरध्वनी, लग्न, अपत्ये असे रकाने आहेत. ही वही कोणत्याही नियमाने सक्तीची नाही, म्हणून कोणी तपासायलाही येत नाही.

शेवटी वाचकांपुढे एक व्यावहारिक गोष्ट ठेवतो. बाहेर पडलेल्या मुलाला पहिली अडचण येते ती खोली भाड्याने घेताना. घरमालक स्थायी पत्ता विचारतो, ओळखीचे माणूस विचारतो. नोकरीच्या अर्जात 'आपत्कालीन संपर्क' असतो. दवाखान्यात भरती होताना नातेवाइकाची सही लागते. या तीन जागा रिकाम्या राहिल्या की मूल पुन्हा फलाटावर यायला फार वेळ लागत नाही. आपल्या सभेच्या प्रत्येक कुटुंबाने आपल्या गावातील एखाद्या संस्थेत जाऊन, अठरा वर्षे पूर्ण होत आलेल्या एका मुलासाठी वा मुलीसाठी या तीन जागी आपले नाव देण्याची तयारी संस्थेला कळवावी. दत्तक घ्यायचे नाही, घरी ठेवायचे नाही. संस्थेच्या संमतीने एक पत्ता, एक दूरध्वनी आणि प्रसंगी एक सही द्यायची. दिवाळीत ते मूल भेटायला आले, तर फराळाचे ताट पुढे करायचे. एवढे झाले तरी अधीक्षिकाबाईंच्या प्रश्नाचे उत्तर कागदावर लिहिता येईल.