राजूरचे पटांगण

आज सायंकाळी, अंगारकीस राजुरेश्वराच्या दर्शनार्थ जेथे भाविकांची रीघ लागते त्या राजूरच्या प्राथमिक शाळेच्या पटांगणावर खो-खोचा डाव पाहिला, आणि समाजजीवनाचा पहिला धडा या मातीतच गिरवला जातो, अशी खात्री पटली. आठ मुले एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंडे करून बसलेली. पाठीमागून ‘खो’ कानी पडेपर्यंत, कितीही उतावीळ झाला तरी, एकही गडी जागचा हलत नाही, आणि तो मिळताच क्षणभरही रेंगाळत नाही. बापाचा हुद्दा आणि घरची ऐपत यांची येथे कोणी दखल घेत नाही. १९६२ पासून प्राथमिक शिक्षण जिल्हा परिषदांकडे सोपविलेले असले, तरी असे पटांगण व त्यावरील क्रीडामंडळ जतन करणे ही साऱ्या गावाची जबाबदारी होय, असे मनापासून वाटते.