चांदणी

आमच्या घराण्याची वंशावळ आजोबांनी एका वहीत उतरवून ठेवली आहे. तिच्यात सात पिढ्यांचे पुरुष आहेत, बाई एकही नाही. त्याच वहीच्या पुठ्ठ्यामागे आबांनी, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांनी, आणखी एक कागद जपून ठेवला होता. तो आमच्या घोडीच्या वंशावळीचा. घोड्यांच्या लिलावाच्या कॅटलॉगमधलं एक पान, झेरॉक्स काढलेलं. त्यात बापाचं नाव एकदाच येतं आणि मग पानभर बायकाच. घोडीची आई, आईची आई, तिची आई. कोणी किती शिंगरं दिली, त्यांतली कोणती धावली, कोणती जिंकली. मोठ्या शर्यती जिंकणाऱ्यांची नावं ठळक टाइपात. मोठी आई, आबांची बायको, तिला इंग्रजी येत नव्हतं, पण हे पान काय सांगतं ते कळल्यावर ती म्हणाली होती, "म्हणजे यांच्यात माहेर धरतात तर."

खरंच धरतात. जगातल्या कुठल्याही थरोब्रेडची बापाकडची ओळ मागे नेली की ती तीन घोड्यांपाशी थांबते: बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन. पूर्वेकडून इंग्लंडात गेलेले हे घोडे सतराव्या शतकाच्या अखेरीचे आणि अठराव्याच्या पूर्वार्धातले. पण घोडे पैदास करणारी मंडळी बापाइतकीच आईकडे बघतात. ब्रूस लो नावाच्या ऑस्ट्रेलियन माणसाने तर सगळी घराणी आईच्या बाजूने मांडून त्यांना क्रमांक दिले. त्याचं पुस्तक 1895 साली निघालं आणि ते क्रमांक आजही वापरात आहेत. नर एका हंगामात शंभरावर शिंगरांचा बाप होऊ शकतो. घोडी अकरा महिने पोटात वाढवते आणि वर्षाला एकच देते. त्या एकाला चाल, छाती आणि जिद्द किती मिळाली, यात तिचा वाटा मोठा असतो.

आमच्या घोडीचं रेसकोर्सवरचं नाव लांबलचक इंग्रजी होतं. ते घरात कोणाच्या जिभेवर बसलं नाही. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून ती चांदणी झाली. अंग कुम्मैत, आयाळ आणि शेपटी काळी, मागचा एक पाय घोट्यापर्यंत पांढरा. जन्म 2002 चा, पुणे जिल्ह्यातल्या एका स्टड फार्मवरचा.

आमचं गाव भोकरदन तालुक्यात, केळणा नदीच्या काठी. आबा मोसंबीचा माल घेऊन पुण्याला जायचे. गावातला एक मुलगा तिथे रेसकोर्सच्या तबेल्यात सईस होता, त्याच्याकडे मुक्काम असायचा. चांदणीच्या शर्यतीच्या आयुष्याबद्दल आम्हाला जे ठाऊक आहे ते त्या सइसाने सांगितलेलं. दोन वर्षांची असल्यापासून ती पळत होती. हिवाळ्यात मुंबईला महालक्ष्मीवर, पावसाळ्यात पुण्याला. तिचं अंतर हजार-बाराशे मीटरचं. गेट उघडलं की पहिल्या चार उड्यांत ती पुढे असायची, पण सोळाशे मीटरला दम टिकायचा नाही. तीन रेसा जिंकली. एकदा फोटो फिनिशला हरली, आणि ती हारच सईस सगळ्यात रंगवून सांगायचा.

तिसऱ्या विजयाने तिचं भलं झालं नाही. तिथे घोड्याला कामगिरीवरून रेटिंग मिळतं. जिंकलं की रेटिंग चढतं आणि रेटिंग चढलं की पाठीवर जास्त वजन येतं. जॉकी हलका असेल तर खोगिराखाली शिशाच्या पट्ट्या घालून ते भरून काढतात. सगळ्या घोड्यांना एका रेषेत आणायची ही पद्धत न्यायाची आहे हे मला कळतं. तरी जी घोडी मनापासून पळते तिच्यावरच ओझं वाढत जातं, हे मला आजही खुपतं. 2008 च्या पावसाळ्यात पुण्याच्या ट्रॅकवर तिच्या पुढच्या डाव्या पायाची टेंडन गेली. घोड्याची ही शीर गुडघ्याखाली, नळीच्या मागे असते. ती भरून येते, पण पूर्वीचा ताण सोसत नाही. रेस संपली. कागदावरची माहेरची ओळ बरी असली तरी ठळक टाइपाची नावं दूरच्या पिढीत होती, त्यामुळे पैदाशीसाठी स्टड फार्मनेही तिला मागितलं नाही. मालकाला तबेल्याचा खर्च नको होता. आबांनी मोसंबीचे पैसे दिले आणि माल नेणाऱ्या ट्रकवाल्याच्या ओळखीच्या गाडीतून घोडी दसऱ्याच्या आधी गावात आणली.

घरात वाद झाला. दुष्काळी मुलखात बैलजोडी पोसताना नाकी नऊ येतात, आणि हे बिनकामाचं जनावर! त्यात गावातल्या जुन्या जाणत्यांनी कपाळ बघून तोंड फिरवलं. अंगठ्याखाली झाकेल एवढा लहान ठिपका म्हणजे सितारा पेशानी. तो मालकाला खोटा, असा समज घोडेवाल्यांमध्ये पूर्वापार आहे. आबांनी सर्वांसमक्ष आपला अंगठा तिच्या कपाळावर टेकवला. पांढरं थोडं बाहेर राहिलं. तेवढ्यावर प्रकरण मिटलं. दसऱ्याला मोठ्या आईने हळदकुंकू लावून तिला ओवाळलं. निरांजन हललं तशी ती दोन पावलं मागे सरली, पण उधळली नाही.

गावात घोडी कशी ठेवतात ते आम्हाला ठाऊक होतं. ही निराळी निघाली. तिला नदीचं वाहतं पाणी पिता येईना, बादली लागायची. कडब्याच्या पेंढीला तोंड लावायची नाही, कुट्टी करून, वर भिजवलेले हरभरे आणि गव्हाचा भुसा घालून द्यावं लागायचं. मीठही लागायचं. उघड्या गोठ्यात सगळ्या बाजूंनी वारा आला की ती रात्रभर कान टवकारून उभी राहायची, कारण तिचं सगळं आयुष्य दार असलेल्या खोलीत गेलं होतं. पहाटे चारच्या सुमारास ती पुढच्या पायाने जमीन खणायची. ती ट्रॅकवर जायची वेळ. आबा तेव्हाच उठायचे, खरारा करायचे आणि तिला बांधाबांधाने चालवून आणायचे. वर्षभर फक्त चालवलं. टाच मारली नाही. त्या पायाला थंड पाण्याची पट्टी आणि विश्रांती, एवढंच औषध पशुवैद्यक डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि आबांनी ते मनावर घेतलं. लग्नाच्या वरातीसाठी मागणी यायची, पैसेही बरे मिळायचे. त्यांनी एकदाही दिली नाही. बँडचा ढोल वाजला की तिच्या अंगावर घाम फुटतो हे त्यांनी पाहिलं होतं.

2010 च्या वैशाखात एका घोडेवाल्याचा मारवाडी नर दाखवला. इथे आबांनी एक गोष्ट जाणूनबुजून सोडली. थरोब्रेडची नोंद पुण्याच्या स्टड बुकात होते, पण आई आणि बाप दोन्ही नोंदलेले थरोब्रेड असले तरच. कृत्रिम रेतनही चालत नाही. मारवाडी बापाचं शिंगरू त्या वहीत कधीच जाणार नव्हतं. तिच्या आईकडची अडीचशे वर्षं लिहून ठेवलेली ओळ आमच्या गोठ्यात थांबणार होती. आबा म्हणाले, "वही थांबली तर थांबू द्या. घोडी कुठं थांबली?"

आबांच्या बाजूने बोलायला आमच्याच जिल्ह्याचा इतिहास आहे, हे मला पुष्कळ नंतर कळलं. गावापासून जवळच असई. 23 सप्टेंबर 1803 रोजी तिथे शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी आर्थर वेलस्लीची लढाई झाली, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात. त्या दिवशी वेलस्लीच्या मांडीखालचा एक घोडा गोळीने पडला आणि दुसरा, डायोमेड नावाचा अरबी, भाल्याने जखमी झाला. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि वॉटर्लूला दिवसभर ज्या घोड्यावर बसला तो कोपनहेगन. त्याची आई लेडी कॅथरीन. ती गाभण असतानाच एक सेनापती तिला 1807 च्या कोपनहेगनच्या वेढ्यावर घेऊन गेला होता, म्हणून शिंगराचं ते नाव. कोपनहेगनचा आजा एक्लिप्स, म्हणजे शर्यतीच्या जगातलं सर्वांत मोठं नाव. पण लेडी कॅथरीनची आई स्टड बुकाबाहेरच्या शिकारी घोडीची लेक होती. शुद्ध रक्ताच्या हिशेबात ती उणीच. तरी वॉटर्लूला टिकला तो तिचाच मुलगा.

पुढच्या चैत्रात चांदणीच्या सडांच्या टोकांवर मेणासारखे थेंब धरले तेव्हा मोठी आई म्हणाली, आता एक-दोन रात्री. घोड्या बहुधा रात्रीच वितात, आणि माणसं बाजूला झाल्यावर. म्हणून कंदील लांब ठेवून आम्ही पडवीत बसलो. ती दोनदा बसली, उठली, बाजूंकडे वळून बघितलं, घामाने चिंब झाली आणि मग आडवी झाली. पुढचे दोन पाय एकामागे एक आणि त्यांवर टेकलेलं नाक दिसलं. अर्ध्या तासात सगळं पार पडलं. वार पडेपर्यंत आबांचा जीव थाऱ्यावर नव्हता, कारण ती तीन तासांत पडली नाही तर घोडीचा जीव धोक्यात येतो. शिंगरू तासाभरात चार काठ्यांवर उभं राहिलं, पडलं, पुन्हा उभं राहिलं आणि कास शोधत आधी आईच्या छातीखाली गेलं. चांदणीने हलकेच वळून त्याला जागा करून दिली. चीक पोटात गेला तेव्हा उजाडलं होतं. मादी. नाव चैती. पाय आईचे, लांब. कान बापाचे, पण टोकं एकमेकांना भिडायची राहिलेले.

पुढच्याच वर्षी नर शिंगरू झालं, आणि त्याच पावसाळ्यात आभाळाने पाठ फिरवली. 2012-13 चा दुष्काळ जालन्याने जसा भोगला तसा फार थोड्या जिल्ह्यांनी भोगला असेल. वीस-वीस वर्षांच्या मोसंबीच्या बागा लोकांनी कुऱ्हाडीने तोडल्या, आमचीही त्यात गेली. गाई-बैलांना चारा छावण्या होत्या. घोडीला कुठली छावणी? टँकरचं पाणी ड्रमात भरून ठेवायचं, त्यातलं माणसांना, बैलांना आणि घोड्यांना मोजून. मार्गशीर्षात आबा शिंगरू घेऊन सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत गेले आणि विकून आले. त्या पैशाचा कडबा आला. चांदणी काही दिवस रस्त्याकडे तोंड करून खिंकाळायची. आबा त्या वेळी शेतात निघून जात. घोडी विका असं घरातल्या प्रत्येकाने, मीसुद्धा, सांगितलं होतं. तिच्या बरगड्या मोजता येत होत्या. ते एवढंच म्हणाले, "हिला आता घेईल तो कशाला घेईल, ते मला माहीत आहे."

2013 चा पाऊस बरा झाला आणि ती भरली.

चैती चार वर्षांची झाल्यावर आसपासच्या जत्रांत पळायला लागली. पडीक रानातली शर्यत; गेट नाही, घड्याळ नाही, झेंडा पडला की सुटायचं. पहिल्या चार उड्यांत पुढे, हे आईचंच. पण ही लांब पल्ल्यालाही टिकायची, आणि तो दम बापाकडचा असणार. खुरं टणक, नाल न मारता दगडगोट्यांतून जायची. कडबा आवडीने खायची. चांदणीला आमच्या मातीने जे द्यायचं नाकारलं ते लेकीला उपजत मिळालं. चैतीला 2018 साली लेक झाली, तीही आमच्याकडेच आहे. सारंगखेड्याला विकलेल्या घोड्याची पोरं खानदेशात पळतात असं यात्रेतून परतलेले लोक सांगतात. पहिली इंडियन डर्बी 1943 साली बडोद्याच्या महाराजांच्या प्रिन्सेस ब्युटिफुल या घोडीने जिंकली, तिचं नाव नोंदवह्यांत कायम आहे. चांदणीच्या लेकी-नातींचं नाव कुठे नाही. पण धावतात त्या, आणि मायेने माणसाजवळ येतात.

2021 च्या श्रावणात तिचं पोट दुखायला लागलं. घोड्याला ओकता येत नाही, आतडं पिळलं की वाट उरत नाही. डॉक्टर तासाभरात आले, नळी घातली, इंजेक्शनं दिली; पहाटेपर्यंत आबा तिला लोळू न देता चालवत राहिले. वय एकोणीस. तिला बांधावरच्या लिंबाखाली पुरलं. आबा त्यानंतर दोन पावसाळे जगले.

आता त्यांच्याकडे विचारायला यायची ती माणसं माझ्याकडे येतात: पुण्या-मुंबईची रेसची घोडी स्वस्तात मिळते आहे, घेऊ का? त्यांना मी सांगतो ते इथेही लिहितो. तिचे मूळ कागद मागा. पायांची सोनोग्राफी करून घ्या. पहिलं वर्ष काम नाही, मिळकत नाही, हे धरून चाला. वीस वर्षांचा चारा-पाण्याचा हिशेब आधी घरच्या बाईपुढे मांडा. वरातीसाठी घेत असाल तर घेऊ नका. आणि घोडे पळवणाऱ्या मालकांना एवढीच विनंती की बक्षिसाच्या प्रत्येक रकमेतला काही भाग त्याच घोड्याच्या उतारवयासाठी बाजूला ठेवा. ते त्याने कमावलेले पैसे आहेत.