खत निवलं का?

आमच्या परसात आळी नेमकी किती होती, यावर आम्हा पाच भावंडांचं अजून एकमत नाही. अक्का नऊ म्हणते, दादा सात. ती कधी खणायची, याबद्दल मात्र वाद नाही. अक्षय्य तृतीयेला, आमरसाच्या जेवणाआधी.

वाईच्या बाजूचं आमचं गाव. हातभर खोल, हातभर रुंद आळं खणायचं आणि ते तसंच उघडं टाकायचं. वैशाखातलं ऊन आठ-पंधरा दिवस आत उतरलं पाहिजे. "माती भाजूद्या, किडं मरूद्यात," असं आजी म्हणायची. आम्हाला घाई बियांची. वर्षभर छपराला टांगलेला वाळका दोडका फोडून बिया काढण्यात खरी मजा, आणि आजी तर अजून खतालाच हात लावू देत नसे.

उकिरडा गोठ्यामागे होता. दोन गाई, बैलजोडी आणि एक म्हैस यांचं शेण, वैरणीचं चघळ, अंगणातला केर, सगळं त्याच्या पोटात जायचं. राख मात्र नाही. राखेसाठी चुलीमागे वेगळं मडकं असे, आणि चुकून कोणी ती उकिरड्यावर ओतली तर पाठीत धपाटा. "राखेनं खताचा जीव जातो" हे तिचं कारण. पुढे दादा शेतकी कॉलेजात गेला तेव्हा समजलं, की राखेच्या खारानं शेणातलं नत्र अमोनिया होऊन हवेत उडून जातं. आजीला अमोनिया ठाऊक नव्हता, पण ताज्या शेणात राख पडली की नाकाला झोंबणारा वास ठाऊक होता.

रोहिणी जवळ आल्या की उकिरड्याचा वरचा थर बाजूला ओढायचा आणि खालचं काळं खत उघडं करायचं. मग आजी बाही सरकवून कोपरापर्यंत हात आत घाली. आम्ही कडेनं उभे. आतून ऊब लागली की हात बाहेर. "निवलं न्हाई अजून." निवलं असेल तर मूठभर नाकाशी नेई. शेणाचा वास आला तर परत झाका. वळवाच्या पहिल्या सरीनंतर मातीला येतो तसा वास आला, की पाट्या भरायला हुकूम. खतातून निघालेल्या पांढऱ्या, वेटोळ्या अळ्या आम्ही कोंबड्यांपुढे टाकायचो. त्यातली हुमणी कोणती हे तेव्हा कळत नव्हतं. कोंबड्यांनाही त्याची फिकीर नसावी.

निम्मी माती, निम्मं खत आणि आता मात्र मूठभर राख. आळं भरून पाणी द्यायचं आणि पुन्हा थांबायचं. चार दिवसांत खतातून आलेलं तण कोंब काढी, ते उपटायचं. एवढं झाल्यावर, मृगाच्या तोंडावर, दोडका, पडवळ, कारलं, दुधी. कडेनं घेवडा.

१९७२च्या दुष्काळात जनावरं छावणीला गेली आणि उकिरडा रिकामा पडला. पुढच्या वर्षी काकांनी कुठूनसा तांब्याभर युरिया आणला. आजीनं त्या पांढऱ्या दाण्यांत हात घातला. थंडगार होते. त्या एका परीक्षेत युरिया पहिल्या फटक्यात पास झाला! काकांनी आळ्याआळ्यात सढळ हातानं टाकला. दोन आळ्यांतले कोंब चटका बसल्यासारखे करपले. दुधीचा वेल मात्र असा माजला की मांडव ओलांडून गोठ्यावर चढला. पानं ताटाएवढी, हिरवीकंच. दुधी? सबंध पावसाळ्यात दोन. शंभर किलो युरियात ४६ किलो नत्र असतं, हे काकांना माहीत असतं तर त्यांनी चमच्यानं मोजला असता. मी काही युरियाच्या विरोधात नाही. आमच्या थळातला ऊस त्यावरच वाढला. पण परसातल्या वेलाला तांब्यानं युरिया म्हणजे तान्ह्या पोराला लाडवाचा डबा. आजी काकांना काही बोलली नाही. भाद्रपदात तिनं नुसती त्या वेलाची पानं खुडून म्हशीला घातली.

पुढे नाडेपकाकांच्या पद्धतीचं दहा बाय सहा बाय तीन फुटांचं, भिंतीत भोकं ठेवलेलं विटांचं टाकं गावात बांधलं गेलं. पुसदच्या या माणसानं थोड्या शेणात भरपूर खत करायची युक्ती घरोघर पोचवली. तोवर आजी गेली होती, नाहीतर त्या टाक्यातही तिनं हात घातलाच असता.

अक्का आता पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहते. गच्चीवर ड्रम कापून केलेली तिची चार आळी आहेत. परवा तिनं शेणखताची पिशवी विकत आणली. वर छान गाईचं चित्र. फाडून हात घातला, तर आत गरम. रात्री साडेदहाला मला फोन : "अरे, हे निवलेलं नाही. दुकानदार म्हणतो परत घेणार नाही." पिशवी आता तिच्या बाल्कनीत तोंड उघडं ठेवून उभी आहे. शेजारीण वासाची तक्रार करून गेली. अक्कानं तिला मृगापर्यंत थांबायला सांगितलंय.