काळे झगे आणि काळी शाल

फादो म्हणजे पोर्तुगालचं एकाच साच्यातलं उदास गाणं, असं समजणाऱ्यांना मी आधी ‘कापाश नेग्राश’ पाहायला सांगतो. आर्मांदु द मिरांदा यांचा हा चित्रपट १९४७ चा. फादोगायिका आमालिया रॉद्रिगिशचा हा पहिलाच चित्रपट, आणि लिस्बनमध्ये तो तब्बल २२ आठवडे चालला. कथा बेताचीच आहे: कुईंब्रात कायदा शिकणारा तरुण, लिस्बनची मारिया, गैरसमज, ताटातूट आणि अखेर कोर्टात आरोपी म्हणून ती, वकील म्हणून तो. माझं लक्ष मात्र त्यांच्या गळ्यांकडे असतं. पडद्यावर नायक आल्बेर्तु रिबैरु आणि आमालिया एकमेकांवर प्रेम करतात, पण गातात दोन वेगळ्या परंपरांतून.

कुईंब्राचा फादो विद्यापीठाचा. १२९० साली स्थापन झालेलं हे विद्यापीठ १५३७ पासून कायमचं या गावात आहे. हा फादो गायचा तो पुरुषांनी, तेही आजी-माजी विद्यार्थ्यांनी, अंगावर काळा झगा घेऊन, रात्री, प्रेयसीच्या खिडकीखाली किंवा जुन्या कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर. आवाज मोकळा, वरच्या पट्टीतला, प्रत्येक शब्द तोलून टाकलेला. रूढ दाद टाळ्यांची नाही. ऐकणारे घसा खाकरतात. गिटारसुद्धा निराळी. बारा तारा दोन्हीकडे आहेत, पण कुईंब्राची गिटार एक पूर्ण स्वर खाली लावतात. तिच्या माथ्यावर अश्रूचा थेंब कोरलेला असतो, लिस्बनच्या गिटारीवर वेटोळं. कुईंब्राच्या गिटारीला आजचा भारदस्त नाद आला तो मुख्यतः आर्तुर पारेदिश यांच्यामुळे.

लिस्बनचा फादो आल्फामा आणि मोरारियाच्या गल्ल्यांतला, दारूच्या गुत्त्यांतला. मारिया सेवेरा ही त्याची आद्य नायिका १८४६ मध्ये ऐन तारुण्यात गेली. खांद्यावरची काळी शाल तिच्या स्मरणार्थ, असं सांगतात. इथे जुन्या चाली मोजक्या. जात्यावर एकाच चालीत नवनव्या ओव्या बसाव्यात, तशी त्या चालींत नवी नवी कडवी बसतात. मात्र गाणारी चाल जशीच्या तशी ठेवत नाही. ती शब्द मागे खेचते, स्वर वळवते, तालाशी लपंडाव खेळते. आमालियाची सगळी थोरवी या वळवण्यात आहे, आणि ते ऐकताना मला दर वेळी नव्याने थक्क व्हायला होतं.

चित्रपटातलं सर्वांत गाजलेलं गाणं ‘कुईंब्रा’. ते रिबैरु गातो, शहराचं आणि प्रेमाचं गुणगान म्हणून. पण ते रचलं राउल फेर्रांव आणि जुझे गाल्यार्दु यांनी, आणि दोघंही लिस्बनच्या संगीत-रंगभूमीवरचे. विद्यार्थ्यांच्या परंपरेतून ते आलेलंच नाही. पुढे ते जगभर नेलं आमालियाने. फ्रेंचमध्ये इव्हेत जिरोने ‘आव्रिल ओ पॉर्तुगाल’ म्हणून गायलं, इंग्रजीत ते ‘एप्रिल इन पोर्तुगाल’ झालं, लुई आर्मस्ट्राँगनेही ते म्हटलं. ज्या शहराच्या फादोत बाईच्या गळ्याला जागा नव्हती, त्याचं नाव एका लिस्बनच्या बाईने दुनियेच्या कानावर घातलं. चित्रपटाच्या कथेपेक्षा मला हे कितीतरी मोठं वाटतं.

चित्रपटातलं रिबैरुचं गाणं ऐका, मग पॅरिसच्या ओलिंपिया रंगमंदिरातल्या आमालियाच्या ध्वनिमुद्रणातलं. रिबैरु गाण्याला जपतो, ओळ न् ओळ नीट, सरळ उभी ठेवतो. आमालिया तीच चाल आपल्या श्वासाने मोडते, पुन्हा जोडते, आणि कुईंब्राचं ते गाणं मोरारियाचं होऊन जातं.