पान सोडा ना, मॅडम

आमच्या बी.एड. कॉलेजात आंतरवासिता सुरू झाली की छात्राध्यापक रोज चिंतन लिहितात. पूर्वी वहीत लिहायचे. मग मी हौसेनं सगळ्यांसाठी वर्डप्रेसवर एक सामायिक ब्लॉग काढून दिला. पहिला आठवडा झकास गेला.

दुसऱ्या आठवड्यात एकीनं लिहिलं, ‘सातवी ब वर अपूर्णांकांचा पाठ पार बोंबलला. मागच्या बाकावरच्या दोघांना पाढेसुद्धा येत नाहीत.’ सोबत फळ्याचा फोटो, आणि फोटोच्या कोपऱ्यात तीच दोन पोरं. दोन दिवसांनी त्या शाळेच्या मुख्याध्यापकांचा फोन आला. त्यांचं बरोबरच होतं. फोटो काढून टाकला, नोंदींना पासवर्ड घातला. पासवर्ड संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला. शनिवारी पाहते तर झाडून सगळ्यांच्या नोंदी एकसारख्या: ‘पाठ छान झाला. विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला.’ असलं चिंतन तपासण्यापेक्षा हजेरीपट तपासलेला बरा!

मग माहाराकडे वळलो. २००६ साली न्यूझीलंडमध्ये सुरू झालेलं हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर. नाव माओरी भाषेतलं, अर्थ विचार. यात टाचण, फोटो, नोंदी आधी आपल्याच कपाटात राहतात. त्यातलं हवं ते उचलून पान मांडायचं आणि ते कुणी, कोणत्या तारखेपर्यंत पाहायचं हे ज्याचं त्यानं ठरवायचं. ब्लॉगवर ताजं ते वर येतं. मला तर जुलैचा पाठ फेब्रुवारीच्या पाठाशेजारी हवा होता.

दिसायला ते सरकारी फॉर्मसारखं, हे मान्य. सॉफ्टवेअर आम्हाला फुकट मिळालं तरी सर्व्हर सांभाळायला माणूस लागतोच. आमच्या संगणकाच्या सरांची दिवाळीची सुट्टी त्यातच गेली. ‘ब्लॉगच सोपा होता’ हे पोरांकडून महिनाभर ऐकलं.

परीक्षेच्या आदल्या रात्री अकराला फोन. तीच छात्राध्यापिका. बहिःस्थ परीक्षकांसाठीच्या पानावर तिनं बोंबललेला पाठ वर ठेवला होता आणि त्याखाली भाकरीचे तुकडे करून पुन्हा घेतलेला. पान सादर केलं की मार्गदर्शकानं सोडेपर्यंत त्याला कुलूप असतं.

“मॅडम, पान सोडा ना. दोन मिनिटं फक्त.”

“आता काय काढायचंय? तो पहिला पाठ?”

“नाही हो. ‘अपुर्णांक’ लिहिलंय. पू दीर्घ करायचाय.”