मागच्या बाजूचा हिशेब

माझी भाची न्यूझीलंडला असते. तिच्या फोनचा क्रम ठरलेला आहे: आधी तिथला पाऊस, मग मुलांच्या शाळा, मग माझे गुडघे. त्या दिवशी मध्येच म्हणाली, "मामा, शनिवारी आम्ही ब्लेनिमला चाललोय."

"ब्लेनिम? लढाईवालं?"

"लढाई कसली? इथे द्राक्षांचे मळे आहेत. फार तर वाइनच्या भावावरून भांडत असतील लोक."

तिला हसू आलं. मला मात्र वडिलांचं कपाट आठवलं. ते हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे आणि त्यांच्या कपाटात एडवर्ड क्रीझीचं जगातल्या पंधरा निर्णायक लढायांवरचं पुस्तक होतं, पुठ्ठा सुटलेलं. बरोबरीची मुलं क्रिकेटचे अकरा खेळाडू घोकत तेव्हा मी मॅरेथॉनपासून वॉटर्लूपर्यंत पंधरा लढाया घोकत होतो. अकरावी ब्लेनहाइम. इंग्रज त्याचा उच्चार ब्लेनिम करतात, हे वडिलांनी दोनदा बजावलं होतं.

रात्री नकाशा उघडून बसलो. भाचीच्या त्या गावाला मूळ माओरी नाव आहे, वायहाराकेके. गोरे वसाहतवाले आधी त्याला बीव्हर म्हणत, कारण पुराचं पाणी वरचेवर घुसायचं आणि माणसं बीव्हर प्राण्यासारखी पाण्यात बसलेली असायची. पुढे त्यांनी गावाला युरोपातल्या लढाईचं नाव दिलं आणि प्रांताला त्या लढाईच्या सेनापतीचं, मार्लबरो. गंमत अशी, की गावाजवळच तुआमारिना इथे जून १८४३मध्ये जमिनीच्या मोजणीवरून खरीखुरी चकमक झाली होती. बावीस गोरे आणि निदान चार माओरी मारले गेले. हे दारातलं मरण सोडून गावाने नाव घेतलं ते पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाच्या मरणाचं.

ब्लेनहाइमचा राजवाडा मी पाहिलेला आहे. पाहिलेला म्हणजे ऑक्सफर्डजवळ वुडस्टॉकला बस थांबली, वाटाड्याने छत्री उंचावली आणि आम्ही चाळीस माणसं तिच्यामागे धावलो. ॲन राणीने जिंकलेल्या सेनापतीला दिलेली जहागीर, व्हॅनब्रोने बांधलेला महाल, त्याच्याशी भांडलेली मार्लबरोची बायको सेरा, १८७४ साली विन्स्टन चर्चिल जन्मला ती खोली, सगळं तासाभरात. थोडा रेंगाळलो ते लढाईच्या चित्रपडद्यांपुढे. विणलेल्या लोकरीत घोडे, धूर, नदी. वाटाड्याला विचारलं, "हे गाव आहे कुठे?" तो म्हणाला, "जर्मनीत कुठेतरी." आणि चहाची वेळ झाल्याचं सांगून पुढे गेला. ते 'कुठेतरी' माझ्या डोक्यात कुसळासारखं अडकून राहिलं. ह्या राजवाड्यामुळे इंग्लंडात ब्लेनहाइम नावाचं सफरचंद आहे, तांबूस-पांढऱ्या स्पॅनियल कुत्र्याचा ब्लेनहाइम रंग आहे. ब्लेनहाइम नावाची एक युद्धनौका तर जानेवारी १८०७मध्ये आपल्या मद्रासहून निघाली आणि हिंदी महासागरात वादळात सापडून ॲडमिरल ट्रूब्रिजसकट नाहीशी झाली. सफरचंद, कुत्रा, जहाज. गाव तेवढं कुठेतरी.

भाचीचा धाकटा भाऊ श्टुटगार्टला मोटारींच्या कारखान्यात आहे. त्याला म्हटलं, ऑगस्टात येतो. तो खूश झाला. बेत सांगितल्यावर म्हणाला, "मामा, लोक स्वित्झर्लंडला जातात. तुला मक्याची शेतं बघायचीत?"

उल्मच्या चर्चचा मनोरा, एकशे एकसष्ट मीटर उंच, मी फलाटावरूनच बघितला. गुडघ्यांचा आणि माझा ह्या बाबतीत करार आहे. पुढे डॅन्यूबच्या काठाकाठाने जाणारी सावकाश गाडी. मुक्काम एका छोट्या गावातल्या घरगुती लॉजमध्ये. खोली माळ्यावर, उतरत्या छपराखाली. उभं राहिलं की डोकं आपटायचं आणि आडवं झालं की घामाने भिजायचं. पंखा मागितला तर मालकीणबाई म्हणाल्या, वर्षातले दोनच आठवडे उकडतं, त्यासाठी पंखा कशाला? आम्ही नेमके त्या दोन आठवड्यांत आलो होतो. पांघरायला पिसांची जाडजूड दुलई. सोमवार म्हणून खानावळ बंद. रात्री आम्ही मामा-भाचे खिडकीशी बसून केळी आणि भाच्याच्या पिशवीतल्या शेंगा खाल्ल्या. सालं कुठल्या रंगाच्या डब्यात टाकायची ह्याची सूचना भिंतीवर होती, ती वाचण्यात अर्धा तास गेला.

सकाळी ब्लिंडहाइमला उतरलो. हे त्या गावाचं खरं नाव. मी स्टेशनच्या पाटीचा फोटो भाचीला पाठवला. तिचं उत्तर आलं, "मामा, स्पेलिंग चुकलंय त्यांचं."

लहानसं, नीटनेटकं गाव आहे. चर्च, त्याच्या आवाराची भिंत, खिडक्यांत तांबडी जिरॅनियम, आणि गाव संपलं की लगेच मका. पुरुषभर उंच मका. रस्त्यात एक आजोबा कुंपण कापत होते. भाच्याने जर्मनमधून विचारलं, ब्लेनहाइमच्या लढाईची जागा कुठली? आजोबांनी कात्री खाली ठेवली आणि बराच वेळ काहीतरी समजावून सांगितलं. भाचा वळून म्हणाला, "मामा, ते म्हणतायत ह्या नावाची लढाई इथे झालेली नाही. इथे झाली ती होख्श्टेटची दुसरी लढाई."

आजोबांचं बरोबर होतं. शेजारच्या होख्श्टेट गावाजवळ १७०३च्या सप्टेंबरात एक लढाई झाली. ती फ्रेंच आणि बव्हेरियन जिंकले. पुढच्या वर्षी १३ ऑगस्टला झाली ती दुसरी. जर्मन आणि फ्रेंच तिला होख्श्टेट म्हणतात. ब्लेनहाइम म्हणतात ते इंग्रज. त्या दिवशी इथे फ्रेंचांविरुद्धच्या दोस्तांचं सैन्य सुमारे बावन्न हजार होतं. त्यात इंग्रज जेमतेम नऊ-दहा हजार. बाकीचे डच, डेन, हेसियन, हॅनोव्हरियन, प्रशियन आणि व्हिएन्नाच्या सम्राटाचे. प्रशियन लढले ते उत्तरेला लुट्सिंगेनजवळ. इतिहासाची पुस्तकं प्रशियनांनी आधी छापली असती तर माझी भाची शनिवारी लुट्सिंगेनला गेली असती.

शेताच्या कडेने चालत नेबेल ओढ्यापाशी गेलो. नेबेल म्हणजे धुकं. त्या सकाळीही धुकं होतं. फ्रान्सच्या चौदाव्या लुईचा सेनापती तालार असं धरून बसला होता की शत्रू माघार घेतोय. धुकं विरलं तेव्हा मार्लबरो आणि त्याचा जोडीदार सेनापती युजीन समोर उभे. कोलोनजवळच्या बेडबुर्गहून मे महिन्यात निघालेली ही फौज चारेकशे किलोमीटर चालत डॅन्यूबवर आली होती. डच दोस्तांनाही मार्लबरोने खरा बेत सांगितला नव्हता, मोझेलच्या खोऱ्यात जातोय अशी थाप मारली होती. हायडेलबर्गला प्रत्येक शिपायासाठी नवे बूट तयार होते. वाटेतल्या दाणागोट्याचे पैसे रोख दिले जात. शिपाई लुटालूट करत नाहीत ह्याचं लोकांना नवल वाटे.

व्हिएन्ना वाचवायची म्हणून हा सगळा खटाटोप. स्पेनची गादी लुईच्या नातवाकडे गेली होती, बव्हेरियाचा शासक मॅक्स इमॅन्युएल फ्रान्सला मिळाला होता, आणि व्हिएन्ना पडली असती तर लुईविरुद्धची आघाडीच मोडली असती.

दुपारी इंग्रजांनी ब्लिंडहाइमवर हल्ला चढवला. ब्रिगेडियर रो शिपायांना सांगून निघाला होता की माझी तलवार कुंपणाला लागल्याशिवाय कुणी गोळी झाडायची नाही. तलवार लागली आणि तो कोसळला. हल्ला फसला, दुसराही फसला. पण गावातला फ्रेंच सरदार क्लेराम्बो इतका घाबरला की मागची राखीव पायदळंही त्याने गावात ओढली. सत्तावीस पलटणी ह्या एवढ्याशा गल्ल्यांत. बंदूक खांद्याला लावायलाही जागा नव्हती. मधलं मैदान उघडं पडलं. मार्लबरोने घोडदळ ओढ्यापार नेलं आणि संध्याकाळी फ्रेंच फळी फुटली. क्लेराम्बो डॅन्यूबमध्ये बुडाला. तालारची नजर अधू होती. तो हेसियन स्वारांच्या हाती सापडला. त्याचा मुलगा त्याच मैदानात मेला. गावातल्या दहाएक हजारांनी रात्री शस्त्रं खाली ठेवली, आणि नव्हार पलटणीने आपली निशाणं शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून जाळली. एका दिवसात दोन्हीकडचे मिळून तीस हजारांवर माणसं मेली किंवा जायबंदी झाली.

ओढा आज मी उडी मारून ओलांडू शकलो असतो, गुडघे बरे असते तर. दलदल गेली आहे. डॅन्यूबही एकोणिसाव्या शतकात सरळ केली, त्यामुळे फ्रेंच स्वार ज्या वळणावर बुडाले ते वळणही शोधून सापडत नाही.

बांधावर बसून मी मनातल्या मनात क्रीझीशी भांडायला सुरुवात केली. निर्णायक म्हणजे काय हो, सर एडवर्ड? लढाईनंतर युद्ध जवळजवळ दहा वर्षं चाललं. तह १७१३ आणि १७१४ साली झाले. स्पेनची गादी लुईच्या नातवाकडेच राहिली आणि त्याचे वंशज आजही तिथे राजे आहेत. मॅक्स इमॅन्युएलला बव्हेरिया परत मिळाला. मार्लबरोला १७११च्या शेवटी राणीने घरी बसवलं. मग ठरलं ते काय? क्रीझीचं उत्तर मला पाठ आहे: लुई जिंकला असता तर सारा युरोप त्याचा झाला असता, हे टळलं. टळलेल्या गोष्टीचं मोजमाप करायला माझ्याकडे काटा नाही आणि त्याच्याकडेही नव्हता, पण व्हिएन्ना खरोखरच वाचली, तेवढं मान्य. माझी तक्रार वेगळी आहे. त्याच्या पंधरांत पानिपत नाही, तीनपैकी एकही. हे गृहस्थ पुढे सिलोनचे सरन्यायाधीश झाले, पण यादी करताना पूर्वेला त्यांची नजर सिकंदराच्या आर्बेलापुढे सरकली नाही.

भाच्याने कंटाळून विचारलं, "मामा, एकटाच काय पुटपुटतोयस?" मी म्हटलं, "एका न्यायाधीशाशी वाद चाललाय." तो म्हणाला, "ते आजोबा काय म्हणाले ते तू पुरतं ऐकलंच नाहीस."

आजोबांना १७०४पेक्षा १७०५ महत्त्वाचं वाटत होतं. लढाईनंतर बव्हेरिया ऑस्ट्रियाच्या ताब्यात गेला. कर आणि सक्तीची लष्करभरती ह्यांना वैतागून शेतकरी उठले. १७०५च्या नाताळात म्युनिकच्या दाराशी, झेंडलिंगला, त्यांची कत्तल झाली. तिथल्या चर्चच्या भिंतीवर त्या कत्तलीचं चित्र आहे. ते आम्ही आधी पाहिलं होतं, पण दोन्ही गोष्टींचा दुवा माझ्या लक्षात आला नव्हता. बव्हेरियन माणसाच्या लेखी ब्लेनहाइमने जे ठरवलं ते हे.

त्याहीआधीचा जुलै आहे. वाटेत रोख पैसे मोजणारा मार्लबरो बव्हेरियात शिरल्यावर मॅक्स इमॅन्युएलला वाकवण्यासाठी गावं जाळू लागला. मित्राच्या मुलखात पैसे, शत्रूच्या मुलखात काडी. मुलूख कुणाचा हे शेतकऱ्याला कुणी विचारलं नव्हतं.

आपल्याकडे त्याच १७०४ सालच्या मार्चमध्ये औरंगजेबाने तोरणा घेतला आणि त्याचं नाव फुतूहुल्गैब ठेवलं. ते नाव आज तोरण्याच्या वाटेवर कुणालाही विचारा, कळणार नाही. जिंकणारा निघून गेला आणि नाव त्याच्याबरोबर गेलं. उलट जालना जिल्ह्यातल्या असई गावाचं नाव ब्रिटिश पलटणींच्या निशाणांवर भरतकामात आहे, कारण २३ सप्टेंबर १८०३ला वेलस्ली तिथे शिंदे-भोसल्यांशी लढला. असईच्या शेतकऱ्याला त्याचा काय उपयोग झाला असेल, हे ब्लिंडहाइमच्या बांधावर बसून नीट समजतं. पण इंग्रजांना नावं ठेवताना जीभ चावली. निवडणूक हरली, व्यवसाय बुडाला, मूल परीक्षेत नापास झालं की आपण काय म्हणतो? पानिपत झालं. हरियाणात त्या नावाचं, घोंगड्या-चादरी विणणारं एक जितंजागतं शहर आहे हे आपल्या ध्यानातही नसतं. तिथल्या कुणी पुण्यात घर भाड्याने मागितलं तर घरमालक आधी हसेल.

दुपारी बेकरीत कॉफी घेतली. लढाईच्या संध्याकाळी मार्लबरोने बायकोला विजयाची चिठ्ठी लिहिली, पेन्सिलीने, घोड्यावर बसूनच. कागद नव्हता म्हणून एका खानावळीच्या बिलाच्या मागे. कर्नल पार्कने आठ दिवसांत ती इंग्लंडला पोचवली. राणीने त्याला आपलं हिरेजडित चित्र आणि एक हजार गिनी दिल्या. पुढे लीवर्ड बेटांचा गव्हर्नर असताना अँटिग्वात चिडलेल्या जमावाने त्याला ठार मारलं. चिठ्ठी आजही जपून ठेवलेली आहे आणि तिच्या काही ओळींवर राजवाडा, सफरचंद, कुत्रा, जहाज, न्यूझीलंडचं गाव एवढं सगळं उभं राहिलं.

मला त्या कागदाच्या दुसऱ्या बाजूबद्दल कुतूहल आहे. तिथे खाण्यापिण्याचा हिशेब आहे. कुठल्या गावातली खानावळ? मालक कोण? आणि बिल लष्कराने उचललं ते पैसे देऊन, की नुसतंच?

भाचा उठला. "चल मामा, गाडी चुकेल. पैसे दिलेत मी."

मी म्हटलं, "पावती घेतलीस ना?"